घरच्या नेटवर अपडेटला वेसण

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार. घरून कामाचा दिवस आहे, म्हणजे कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये शहाडला घुसायचं नाही, एवढं सुख पदरात आहे. नऊ वाजता लॅपटॉप उघडून तुम्ही मीटिंगला बसता आणि पाचव्या मिनिटाला समोरचे चेहरे थिजतात. "आवाज तुटतोय तुमचा." आतल्या खोलीत मुलीच्या क्लासचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणणार, "दादा, लाइन ओके आहे, राउटर बंद करून चालू करा." बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो.

मायक्रोसॉफ्ट आपली महिन्याची सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २००३ पासून दुसऱ्या मंगळवारी काढते, तीही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. त्या वेळी आपला लॅपटॉप मिटून बॅगेत गेलेला असतो. बुधवारी सकाळी झाकण उघडलं की त्याला थकबाकी आठवते आणि नेमकं आपल्याला काम असतं तेव्हाच तो वसुलीला बसतो. घरात दोन लॅपटॉप असतील तर दोघेही बसतात. त्यात वनड्राइव्ह, स्टोअरमधली ॲप्स, मुलाच्या गेमचं अपडेट आणि फोटोंचा बॅकअप घेणारे फोन आलेच.

यावर पुष्कळ लोक एकच उपाय करतात. यूट्यूबवर बघून किंवा सोसायटीतल्या एखाद्या हुशार पोराकडून अपडेटची सर्व्हिसच बंद करून घेतात. तो उपाय करू नका. १४ मार्च २०१७ हाही दुसरा मंगळवारच होता. त्या दिवशी विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट आलं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या संगणकांवर १२ मेपासून 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. जूनच्या २७ तारखेला तसाच 'नॉटपेट्या' आला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज समूहाचं कंटेनर टर्मिनल त्यात सापडलं. संगणक ठप्प झाल्याने कामकाज हाताने करायची पाळी आली आणि कंटेनर अडकून पडले. खरं तर नॉटपेट्या शिरला तोच युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नासवलेल्या अपडेटमधून. पण आत शिरल्यावर तो चोरलेल्या पासवर्डांइतकाच मार्चमधल्या त्या भगदाडाचा आधार घेत एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. ज्या लॅपटॉपवर आपण नेटबँकिंग करतो, तो असा उघडा ठेवण्यात अर्थ नाही. अपडेट येऊ द्यायचं, मात्र किती वेगाने आणि कोणत्या वेळी हे आपण ठरवायचं.

वेग असूनही अडतं का?

आधी एक हिशेब पक्का करू, कारण पुढच्या सगळ्या आकड्यांत तो लागणार आहे. प्लॅनवर लिहिलेले '४० एमबीपीएस' हे मेगाबिट असतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतात. ३ जीबीचं अपडेट पूर्ण वेगाने घेतलं तर १० मिनिटं लागतील, पण त्या १० मिनिटांत बाकीच्यांच्या वाट्याला फार काही उरणार नाही. तेच ८ एमबीपीएसला बांधलं तर ५० मिनिटं लागतील आणि घरात कोणाला कळणारही नाही. अपडेटला घाई नसते, मीटिंगला असते.

व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात. मग ४० च्या लाइनवर कॉल का तुटावा? दोष वेगाचा कमी आणि रांगेचा जास्त असतो. शहाडच्या पुलावर मुरबाडकडे जाणारे चार ट्रेलर एकापाठोपाठ चढले की त्यांच्या मागे दुचाकीवाला अडकतो. त्याला लागते हातभर जागा, पण पुढे सरकायला वाव नसतो. राउटरमध्ये नेमकं हेच होतं. डाउनलोड लाइन काठोकाठ भरतं, डेटाची पुढची पाकिटं रांगेत साचतात आणि आवाजाची चिमुकली पाकिटं त्या रांगेच्या शेपटाला उभी राहतात. ती पोहोचतात, पण उशिरा पोहोचतात. बोलण्यात एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपलीकडे गेला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. म्हणून लाइन कधीच पूर्ण भरू द्यायची नाही, हे इथलं खरं सूत्र आहे. सगळ्या मर्यादा त्यासाठीच घालायच्या.

हे स्वतः बघायचं असेल तर स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधून उघडा. इंग्रजी अक्षरांत पिंग, जागा सोडून ८.८.८.८, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी असं टाइप करा आणि एंटर दाबा. हा गूगलचा पत्ता आहे. एकामागून एक ओळी उमटतील, प्रत्येकीत किती मिलिसेकंद लागले ते दिसेल. नेट निवांत असताना हा आकडा लहान आणि जवळपास एकसारखा राहतो. आता दुसऱ्या लॅपटॉपवर मोठं डाउनलोड लावा आणि आकडे बघत बसा. १० चे ३०० झाले तर कॉल का तुटतो ते समजलं. थांबवायला कंट्रोल आणि सी. हीच चाचणी राउटरच्या पत्त्यावर करा (बहुतेकांचा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो). तिथलाच आकडा उसळ्या मारत असेल तर अडचण तुमच्या वाय-फायमध्ये आहे, लाइनपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. दाटीवाटीच्या इमारतींत प्रत्येक घरात एक राउटर असतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळे एकमेकांवर ओरडत असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा, आणि कामाचं टेबल राउटरजवळ असेल तर सरळ केबल लावा.

खाणारा कोण?

मर्यादा घालण्याआधी चोर ओळखा, नाहीतर शिक्षा भलत्यालाच होते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज या वाटेने गेलात की गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा ओढला त्याची यादी मिळते. या क्षणी काय चाललंय ते बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडा आणि नेटवर्कच्या टॅबवर जा. वरच्या नोंदीत 'एसव्हीसीहोस्ट' दिसलं आणि त्याचे आकडे धावत असतील तर ते बहुधा विंडोजचं स्वतःचं डाउनलोड आहे. ब्राउझर वर असेल तर घरातल्या माणसांना विचारा.

माझा अनुभव सांगतो की चारपैकी एखाद्या घरात तरी खरा खाणारा विंडोज निघत नाही. कधी तो गेम असतो, कधी नव्या फोनने रात्रभर चालवलेला फोटोंचा बॅकअप. तेव्हा आधी बघा, मग सेटिंगला हात लावा.

मुख्य किल्ली

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, डावीकडे सगळ्यात खाली विंडोज अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात खाली डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. विंडोज १० मध्ये हे अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत मिळतं. या पानावरचं 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' पुन्हा दाबा. आता समोर डाउनलोडसाठी दोन पर्याय येतील: एक थेट एमबीपीएसमधला आकडा, दुसरा टक्केवारी.

टक्केवारी दिसायला सोपी, पण मी ती घेत नाही. ती तुमच्या प्लॅनच्या वेगावर काढलेली नसते. अपडेट जिथून येतंय तिथपर्यंत मोजलेल्या वेगावर ती निघते, आणि तो वेग तासातासाला बदलतो. थेट आकडा निवडा. त्याखाली दोन चौकटी आहेत, बॅकग्राउंड आणि फोरग्राउंड. संगणक आपल्या मनाने जे उतरवतो ते बॅकग्राउंड. तुम्ही स्वतः 'चेक फॉर अपडेट्स' दाबून किंवा स्टोअरमध्ये जाऊन जे मागवता ते फोरग्राउंड. बॅकग्राउंडवर टिक करून आकडा भरा, फोरग्राउंड मोकळं ठेवा. मुद्दाम मागवलेली गोष्ट आपण वाट बघतच मागवलेली असते, तिला कशाला अडवायचं?

आकडा किती भरायचा? लाइनचा पाचवा हिस्सा हा माझा ठोकताळा. ३० च्या प्लॅनला ६, ४० ला ८, १०० ला २०. पण ही मर्यादा एका संगणकापुरती असते, घरापुरती नव्हे. तिघांचे तीन लॅपटॉप असतील आणि तिन्हींवर ८ लिहिलंत, तर बुधवारी सकाळी २४ उडाले. पाचव्या हिश्श्याचे तीन वाटे करा आणि प्रत्येकी अडीच-तीन लिहा. फार काटकसर करून अर्ध्या एमबीपीएसवर आणू नका. ३ जीबीला तेरा तासांहून जास्त लागतील, लॅपटॉप मध्येच मिटेल, आणि अपडेट कधी पुरं होणारच नाही. तसं करणं म्हणजे वेगळ्या वाटेने अपडेट बंद केल्यासारखंच.

या एका जागी घातलेली मर्यादा स्टोअरमधल्या ॲप्सनाही लागू होते. म्हणून शोधाशोध करायला वेळ नसेल तर निदान एवढं एक काम करा.

त्याच पानावर अपलोडचीही मर्यादा आहे आणि लोक ती वगळतात. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं तेव्हापासून त्यात एक सोय आहे. एका संगणकाने उतरवलेलं अपडेट तो दुसऱ्या संगणकांना वाटू शकतो. हे दुसरे संगणक तुमच्या घरातले असू शकतात किंवा इंटरनेटवरचे कुणीही परके असू शकतात. आधीच्या पानावर 'अलाऊ डाउनलोड्स फ्रॉम अदर डिव्हायसेस'खाली हे दोन पर्याय दिसतील. 'लोकल नेटवर्क' निवडलेलं असू द्या आणि इंटरनेटवाला पर्याय असेल तर काढा. आपल्या लाइनवरून परक्यांना अपडेट पोहोचवण्याचा परोपकार मीटिंगच्या वेळी महागात पडतो, कारण आपला आवाज आणि चेहरा अपलोडवरूनच बाहेर जातो. फायबरवर हे एक वेळ खपून जाईल. सिमवर चालणाऱ्या ४जी-५जी राउटरवर अपलोडची वाट आधीच अरुंद असते, तिथे नाही खपणार.

घरातल्या घरात वाटप मात्र जरूर चालू ठेवा, त्यात फायदाच आहे. थोरल्याच्या लॅपटॉपने अपडेट बाहेरून आणलं की धाकटीचा लॅपटॉप त्यातले बरेच तुकडे त्याच्याकडून घेतो, बाहेरच्या लाइनला दुसऱ्यांदा तेवढा त्रास नाही. दोन्ही संगणक एकाच वेळी चालू आणि एकाच राउटरवर हवेत, एवढीच अट. एखाद्या बुधवारी दोन्ही दुपारभर चालू ठेवून पाहा. मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधल्या 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'वर जा. तिथे एक गोल तक्ता असतो: मायक्रोसॉफ्टकडून किती आलं, घरच्या नेटवर्कवरून किती आलं, आपण किती पुढे दिलं. महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनचा हिशेब असतो. मर्यादा लागू झाली की नाही तेही इथेच कळतं, बॅकग्राउंडचा सरासरी वेग तुम्ही लिहिलेल्या आकड्याच्या आत असायला हवा.

लाइट गेली, हॉटस्पॉट लावला

पावसाळ्यात आपल्याकडे महावितरणची लाइट आणि केबलवाल्याची वायर यांपैकी एक जण कधी ना कधी रजेवर जातो. घरात इन्व्हर्टर असला तरी जिन्यातल्या पेटीतला स्विच बंद पडला की नेट गेलं. मग फोनचा हॉटस्पॉट. आणि खरा घोटाळा इथे होतो. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे आणखी एक वाय-फाय. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि अपडेटला २० एमबीपीएस मिळाले, तर तो पॅक १० मिनिटांत संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक मेगाबाइटचा फोटो यायला दोन मिनिटं. मीटिंग विसरा, मेलही उघडत नाही.

यावर उपाय एका बटणाचा आहे, पण तो आधी करून ठेवायचा. लॅपटॉप एकदा फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, वाय-फायमध्ये त्या नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. विंडोज ही खूण त्या नावापुरती लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी हॉटस्पॉट लावला की अपडेटची बहुतेक डाउनलोड्स आपोआप थांबतात, वनड्राइव्हही थांबतं. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं तर पुन्हा करावं लागेल. घरातल्या प्रत्येक फोनसाठी वेगळं करा, कारण ऐन वेळी कोणाच्या फोनमध्ये डेटा शिल्लक असेल ते सांगता येत नाही. शिवाय विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डाउनलोड अपडेट्स ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स' असा एक खटका आहे. तो बंद आहे ना बघा, नाहीतर खूण करून उपयोग नाही.

हे वाचून काहींना वाटेल, मग घरचं वाय-फायच कायमचं मीटर्ड करून टाकू. तसे सल्ले पुष्कळ फिरतात. मी तो देणार नाही. अपडेट महिनोन्महिने तटतं, फाइली वनड्राइव्हवर चढत नाहीत आणि आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत राहतो. परीक्षा, मुलाखत, मोठी मीटिंग असेल त्या दिवसापुरतं घरचं नेट मीटर्ड करणं ठीक आहे. संध्याकाळी आठवणीने खूण काढा. किंवा त्याहून सरळ, अपडेट आठवडाभर 'पॉज' करा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तेवढं मात्र ताणू नका.

वेळ कशी साधायची?

आमच्या भागात ही कला जुनी आहे. तेव्हा ठाण्याला एमटीएनएल, कल्याणपासून इकडे बीएसएनएल आणि ०२५१ चा कोड. २००५ नंतर घरोघरी बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा दिवसाचा डेटा मोजूनमापून मिळायचा आणि 'होम ५००'सारख्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ चा वापर हिशेबाबाहेर. पोरं दोनचा गजर लावून डाउनलोड चालू करायची आणि पुन्हा झोपायची. आता बऱ्याच अनलिमिटेड फायबर प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते, अपडेटने ती संपण्याची भीती नाही. आता वाचवायची ती संध्याकाळ आणि कामाची सकाळ.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 'ॲक्टिव्ह अवर्स' ठरवले की त्या वेळात डाउनलोड होत नाही असं पुष्कळांना वाटतं. त्या सेटिंगने फक्त आपोआप होणारा रीस्टार्ट टळतो, डाउनलोड चालूच राहतं. ते ठेवा, चांगलं आहे, पण नेटच्या तक्रारीवर तो उतारा नव्हे.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर वेळेचं खरं नियंत्रण मिळतं. ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन अशा वाटेने जा. तिथे कामाच्या तासांत बॅकग्राउंड डाउनलोड किती टक्क्यांवर ठेवायचं आणि इतर वेळी किती, हे लिहिता येतं. सकाळी ८ ते रात्री ११ दहा टक्के, बाकी वेळ पूर्ण मोकळीक, अशी वाटणी छान चालते. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. लॅपटॉप कंपनीचा असेल तर याला हात लावू नका, ते आयटीवाल्यांचं काम आहे.

होमवाल्यांनी साधी सवय लावावी. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी झोपण्यापूर्वी लॅपटॉप चार्जरला लावा, झाकण उघडं ठेवा, साडेअकरानंतर स्वतः 'चेक फॉर अपडेट्स' दाबा आणि झोपा. फोरग्राउंड आपण मोकळं ठेवलंय, त्यामुळे ते पूर्ण वेगाने येईल. लॅपटॉप मध्येच स्लीपमध्ये जाणार नाही, एवढं पॉवरच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. मंगळवार चुकला तर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दाबा.

विंडोज अपडेटच्या मुख्य पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असं लांबलचक नाव असलेला खटका आहे, तो बंद ठेवा. चालू असेल तर महिन्याच्या अखेरीला येणारी ऐच्छिक अपडेट्सही लगेच उतरतात. त्यातली बहुतेक पुढच्या दुसऱ्या मंगळवारी तशीही मिळणारच असतात, मग दोनदा कशाला ओढायची?

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. ११ वर जायचं तर कित्येक जीबी उतरणार, तेव्हा ते आपोआपच्या भरवशावर सोडू नका, सुट्टीची रात्र धरून एकदाच करा. ११ वर असलेल्यांना २४एच२ वरून २५एच२ वर जाताना असा भार पडत नाही. ते पॅकेज छोटंसं आहे.

बाकीचे पाहुणे

वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अपलोड आणि डाउनलोड, दोन्हींचे वेग बांधता येतात. गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्येही ती सोय आहे. इथे अपलोड आधी बांधा.

घरात गेम खेळणारं कोणी असेल तर विंडोजपेक्षा तिथेच जास्त लक्ष द्या. एकेका गेमचं अपडेट विंडोजच्या महिन्याच्या अपडेटला मागे टाकतं आणि महिन्यातून कितीदाही येतं. स्टीममध्ये सेटिंग्ज, डाउनलोड्स इथे दोन गोष्टी मिळतात: वेगाची मर्यादा आणि आपोआप अपडेट कोणत्या वेळात व्हावं ते. रात्री १ ते पहाटे ६ ठेवा. मर्यादेचा आकडा लिहिताना एकक किलोबाइट आहे की किलोबिट ते वाचा, आठपटीचा फरक आहे. पोराला हे समजावताना पिंगचे आकडे दाखवा. त्याच्या गेममध्ये तेच आकडे कोपऱ्यात दिसत असतात, तो तुमच्याआधी समजेल.

मॅकवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेटमध्ये नवी अपडेट्स आपोआप उतरवणं बंद करता येतं, सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्यांचा खटका मात्र चालू ठेवा. वाय-फायच्या तपशिलात 'लो डेटा मोड' आहे, हॉटस्पॉटसाठी तो वापरा. घरात एक मॅक आणि दोन-तीन आयफोन असतील तर शेअरिंगमधलं 'कंटेंट कॅशिंग' चालू करा, एकदा आलेलं अपडेट मॅक सांभाळून ठेवतो आणि घरातल्या इतरांना देतो. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर उबंटू असतं. तिथे 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये किती दिवसांनी तपासायचं ते ठरतं. स्नॅपची पॅकेजेस मात्र दिवसातून चार वेळा स्वतःच तपासणी करतात, त्यांचं वेळापत्रक वेगळं लावावं लागतं. अशा मुलांना पुढचं सांगायची गरज नसते.

एवढं करूनही पिंगचे आकडे उसळत असतील तर राउटरकडे वळा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, पासवर्ड बहुधा राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो. आत 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' शोधा. तिथे लाइनचा एकूण वेग विचारला तर प्लॅनवरचा आकडा लिहू नका. रात्री नऊच्या सुमारास केबल लावून वेग मोजा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के लिहा. मग रांग केबलवाल्याच्या पेटीत न साचता तुमच्या राउटरमध्ये, तुमच्या नियमाने लागते. कामाच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या, टीव्हीला मधलं, बाकीच्यांना खालचं. ऑपरेटरने दिलेल्या पेटीत हा भाग अनेकदा कुलूपबंद असतो. त्याला सांगून उघडून घ्या, नाहीतर त्याच्या पेटीला स्वतःचा राउटर जोडून घ्या.

आणि सगळी उपकरणं बंद, एकच लॅपटॉप केबलने जोडलेला, तरीही संध्याकाळी वेग निम्म्यावर येत असेल, तर तो अपडेटचा दोष नाही. दोन-तीन संध्याकाळचे वेग आणि पिंगचे आकडे वेळ लिहून, मोबाइलने फोटो काढून ठेवा आणि केबलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. "नेट स्लो आहे" म्हटल्यावर "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर ठरलेलं असतं. रात्री ९ वाजता १०० च्या प्लॅनवर ३८ आणि सकाळी ६ वाजता ९६, असा फोटो समोर आला की त्याला जिन्यातल्या पेटीपर्यंत यावंच लागतं.